हौदातली चिलापी: भांडुपच्या मागच्या अंगणातल्या नोंदी

आमचं घर भांडुप गावात, तळमजल्याचं, कौलं जाऊन पत्रे आलेलं. मागच्या अंगणात आजोबांनी बांधलेला सिमेंटचा हौद आहे. सहा फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट खोल. गेली पंधरा वर्षं त्यात तुटक्या खुर्च्या आणि गणपतीच्या मखराचं थर्माकोल पडून होतं. त्यात मासे पाळायचं मनात आलं तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर हिशोब मांडला: चाळीस चिलापी (म्हणजे तिलापिया मासे), प्रत्येकी पाव किलो, आठ महिन्यांत दहा किलो मासळी. ते पान अजून वहीत आहे. फाडलेलं नाही.

कुणाला असंच काही करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून वहीतलं जसंच्या तसं देतोय. मधली कोरडी पानं गाळली आहेत.

८ ऑक्टोबर २०२३

हौद रिकामा केला. खुर्च्या भंगारवाल्याला दिल्या. मखर मात्र ‘लागेल कधीतरी’ म्हणून आईने माळ्यावर चढवलं. एका कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी भेग निघाली. गवंडी, सिमेंट, आतून नवा गिलावा मिळून २,८०० रुपये. गवंडी म्हणाला, आठ दिवसांनी बिनधास्त पाणी भरा.

१७ ऑक्टोबर

अडीच फुटांपर्यंत भरला, म्हणजे साधारण १,७०० लिटर. पाण्यावर पांढरट साय आली आणि हात घातला तर बोटं साबण लागल्यासारखी बुळबुळीत झाली. पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता-क्षारता, मोजायच्या पट्ट्या आणल्या (२२० रुपये). पट्टी बुडवली तर थेट शेवटचा गडद रंग, नऊच्या वर. नवा गिलावा चुना सोडतो. ‘बिनधास्त पाणी भरा’ हे गवंड्याने माणसांच्या हिशोबाने सांगितलं होतं, माशांच्या नव्हे.

उपाय एकच: भरा, चार-पाच दिवस ठेवा, घासा, ओता, पुन्हा भरा. तीन वेळा केलं. पहिलं पाणी अळूच्या वाफ्यात सोडलं आणि अळू पिवळं पडलं. तिसऱ्या पाण्याला पट्टी साडेसात-आठवर आली. जवळजवळ तीन आठवडे गेले. आधी ठाऊक असतं तर हे पावसाळ्यातच उरकलं असतं, फुकटच्या पाण्यात.

५ नोव्हेंबर

मासे आले. खाजणात जाळं टाकणारी ओळखीची एक मावशी आहे. तिला बोट-दीड बोट लांबीची चिलापीची पोरं सांगून ठेवली होती. चाळीस नग, ३०० रुपये. रंगाच्या बादलीत घेऊन आली.

बादलीतलं पाणी खाजणातलं, चाखलं तर खारट. हौदातलं गोडं. एकदम टाकले तर धक्का बसेल म्हणून दर दहा मिनिटांनी एक तांब्या हौदाचं पाणी बादलीत घालत बसलो. मावशी ओट्यावर चहा पीत बघत होती. दुसरा कप संपल्यावर म्हणाली, “आरं पोरा, चिलापी हाय ती. तिला काय व्हते?” उठली आणि बादली हौदात पालथी केली. चाळीसच्या चाळीस मासे तळाला गेले आणि पाच मिनिटांत भिंतीवरचं शेवाळ टोचू लागले.

या माशाचं मूळ आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याकडचं, झांबेझी आणि लिंपोपोच्या खालच्या अंगाचं. तिथल्या खाडीमुखांत भरती-ओहोटीबरोबर पाणी गोडं-खारं होतच असतं. आपल्या मिठागरांच्या कडेला आणि सांडपाण्याच्या नाल्यात हा मासा एकाच तब्येतीने का दिसतो, ते बादली पालथी झाल्यावर कळलं.

१० नोव्हेंबर

अकरा मेले. चूक पूर्ण माझी.

काल रात्री पाणी चार बोटं खाली गेलं होतं म्हणून नळाची पाइप थेट हौदात सोडली आणि जेवायला बसलो. सकाळी सगळे मासे वर तोंडं काढून हापापत होते, कडेला अकरा उलटे. एकाची कल्ल्याची झाकणी उचलून पाहिली. आतली झालर लाल असायला हवी, ती फिकट आणि शेंबडासारख्या चिकट थराने माखलेली. हे क्लोरीनचं काम. भांडुप संकुल, जिथे मुंबईचं बरंचसं पाणी शुद्ध होतं, ते आमच्यापासून जवळ. आम्हाला पाणी ताजं मिळतं आणि क्लोरीनही ताजं. आपल्या पोटाला ते चांगलंच, कल्ल्यांना नाही. पहिल्या दिवशी हौद भरून आठवडा उलटलेला होता, क्लोरीन उडून गेलं होतं, म्हणून मासे वाचले होते.

दोनशे लिटरचा निळा ड्रम आणला (९०० रुपये). त्यात पाणी भरून एक दिवस उघडं ठेवायचं आणि मगच हौदात घालायचं. घाईच्या वेळेसाठी क्रॉफर्ड मार्केटच्या मत्स्यालयाच्या दुकानांतून क्लोरीन लगेच मारणारे हायपोचे खडे आणले (६० रुपये). त्याच फेरीत एक साधा एअर पंप घेतला, ४५० रुपये.

उरले एकोणतीस.

१२ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. पोरीने चकलीचा चुरा टाकला. खाल्ला. पाण्यावर तेलाचा तवंग आला, तो वर्तमानपत्राने टिपून काढला.

९ डिसेंबर

मासे रोज एक-दोनने कमी होतायत असा संशय होता. मांजरावर आळ घेतला होता. आज सुट्टी म्हणून साडेसहाला चहा घेऊन मागच्या दारात बसलो तर हौदाच्या काठावर ढोकरी. मातकट पाठ, मान आत ओढलेली, दगड बसावा तशी. मी बघत असतानाच एक मासा उचलून उडाली. उडताना मातीच्या रंगाचा पक्षी एकदम पांढराशुभ्र होतो.

हिरवं शेडनेट, ३५० रुपये. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर ताणून बसवलं. मोजले तर तेवीस मासे. म्हणजे सहा नाश्त्याला गेले. मांजराची मनातल्या मनात माफी मागितली.

१४ जानेवारी २०२४

थंडी. हौद घराच्या सावलीत आहे, सकाळी पाणी १९ अंश. मासे तळाशी एका कोपऱ्यात गठ्ठा करून उभे. मी मात्र ठरल्याप्रमाणे भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याच्या पेंडीचे गोळे दोन वेळा टाकत राहिलो. तीन दिवसांनी पाण्याला वास आला आणि गोळे तळाशी पांढरी बुरशी धरून पडलेले दिसले.

पाणी विशीच्या खाली गेलं की चिलापीची भूक मंदावते. मुंबईच्या थंडीने ती मरत नाही, त्याला पारा बराच खाली जावा लागतो, पण खातही नाही. तेव्हा टाकलेलं खाणं म्हणजे पाण्यात टाकलेला कचरा. पंधरा दिवस खाणं जवळजवळ बंद ठेवलं, एक तृतीयांश पाणी बदललं. भिंतीवरच्या शेवाळावर त्यांचं भागलं. नंतर नंतर तर मी पेंड निम्मीच केली. हौदाच्या भिंती घासून लख्ख ठेवायची हौस असेल तर ती सोडा, ते शेवाळ म्हणजे फुकटचं जेवण आहे.

१८ फेब्रुवारी

पाच-सहा मासे काळे पडले. आधी वाटलं रोग. मग नीट पाहिलं: अंग शाईसारखं काळं, हनुवटी आणि गळा पांढरा, पाठीच्या आणि शेपटीच्या पराला लालसर काठ. हे नर, वयात आलेले. बाकीचे राखी-पिवळट राहिले, बाजूला पुसट डाग. शेपटीवर उभे पट्टे नाहीत, म्हणजे नाईल तिलापिया नव्हे. ही जुनी मोझांबिक चिलापी.

काळे झाल्यापासून त्यांचं खाण्याकडे लक्ष नाही. एकमेकांची तोंडं तोंडात धरून ढकलाढकली चालते. सिमेंटच्या तळावर एक नर नाक घासत होता, खड्डा खणायला. तिथे खणण्यासारखं काहीच नाही. दोन दिवसांत त्याचा वरचा ओठ सोलला गेला. दया येऊन दोन घमेल्यांत धुतलेली रेती भरून तळाशी ठेवली.

या दयेमुळे पुढचं सगळं झालं असं बायकोचं मत आहे. मला ते पटत नाही. रेती नसती तर त्यांनी उघड्या सिमेंटवर संसार मांडला असता, फक्त ओठ जास्त सोलले असते.

२१ फेब्रुवारी

आज दुपारी तासभर पोटावर पडून पाहिलं. घमेल्यातला नर डोकं खाली करून, शेपटी जवळजवळ उभी करून, तोंडभर रेती उचलतो, काठापर्यंत पोहत जातो आणि भस्कन थुंकतो. परत येतो. मी मोजत होतो, साठाच्या पुढे सोडून दिलं. संध्याकाळपर्यंत घमेल्याच्या मधोमध जेवणाच्या ताटाएवढी गोल वाटी तयार. मग तो त्या वाटीवर तरंगत राहतो आणि पलीकडच्या घमेल्यातला नर चार बोटं जवळ आला तरी अंगावर धावून जातो. मादी जवळून गेली की तिच्यासमोर आडवा होऊन थरथरतो आणि वाटीकडे निघतो, ती मागे येते का बघत. बहुतेक वेळा येत नाही.

६ मार्च

ही नोंद लिहायला कंटाळा येतोय, पण लिहितो.

चार दिवस एक मादी पेंडीला तोंड लावत नव्हती. इतरांपासून लांब, पंपाच्या नळीमागे उभी. गळ्याखाली पिशवी लोंबल्यासारखी सूज, जबडा सतत हलतोय, काहीतरी चघळल्यासारखा. माझं निदान: घशाला गाठ. माझा इलाज: जाळीने पकडून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं.

जाळीत आली आणि तिने तोंड उघडलं. पिवळ्या मोहरीएवढे दाणे जाळीत सांडले, गुळाच्या रंगाचे, एका टोकाला किंचित निमुळते. अंडी.

चिलापीची मादी वाटीत अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलून घेते. नराने फळवलेली ती अंडी मग तोंडातच उबतात, पिलं फुटली तरी काही दिवस तिथेच राहतात. तेवढे दिवस ती जवळपास उपाशी असते. जबडा हलतो तो अंड्यांवरून पाणी फिरवायला. हे कुठल्याही मासेवाल्या मावशीला ठाऊक असतं. मी विचारलंच नव्हतं.

मादीला परत सोडलं. तिने अंड्यांकडे वळूनही पाहिलं नाही. चमच्याने मोजली, १४३. पाण्याच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगली, तोंडातून एअर पंपाची नळी घातली, म्हणजे बुडबुड्यांनी अंडी घोळत राहतील. हवा आधी जास्त सोडली, अंडी भिंतीवर आपटायला लागली. कमी केली तर तळाशी बसली. आईच्या तोंडात हा जोर बरोबर किती असतो हे मला रात्री दोनपर्यंत साधलं नाही.

१० मार्च

बहुतेक अंड्यांना कापसासारखी बुरशी लागली. एकतीस फुटली. पोटाशी पिवळी पोतडी घेऊन तळाला पडून शेपटी हलवतात. आठवड्याने बारा उरली, ती हौदात सोडली. तीन मिनिटांत बाकीच्यांनी खाल्ली. आठ दिवसांची मेहनत आणि दोन रात्रींची झोप.

३० मार्च

दुसरी मादी सतराच्या सुमारास सुजलेली दिसली होती. या वेळी हात लावला नाही. मध्ये धुळवड झाली, त्या दिवशी हौदावर दोन ताडपत्र्या टाकून पोरांना लांब ठेवलं.

आज सकाळी तिच्या डोक्याभोवती धुरासारखं काहीतरी. वाकून पाहिलं तर पिलं, डोळे आणि शेपटी एवढीच. माझी सावली पाण्यावर पडली. मादीने मान थोडी खाली केली, मागे सरकायला लागली, आणि ते सगळं धुकं तिच्या तोंडाकडे ओढलं गेलं. गिळतेय असं वाटावं इतक्या भराभर. शेवटची तीन-चार उरली, ती बंद झालेल्या ओठांवर धडका देत राहिली. तिने तोंड किलकिलं केलं, तीही आत. धाकटीने रात्री बॅटरीचा झोत टाकून हे सात वेळा करवून घेतलं. सातव्या वेळी मादी तोंड न उघडता निघून गेली, पिलांना बाहेर ठेवून. मग बॅटरी जप्त केली.

९ एप्रिल

पाडवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर नमुना म्हणून दहा मासे मोजले. आईने काटा नंतर तीनदा धुवायला लावला. नर सरासरी ७० ग्रॅम, माद्या ३५. पाच महिने झाले. वहीच्या पहिल्या पानानुसार आज दीडशेच्या पुढे हवे होते.

पेंड वाढवायचं ठरवलं. हे चुकीचं ठरलं, पुढे बघा.

२८ एप्रिल

हौदात अंदाजे चारशे पिलं आहेत. मोजणं अशक्य, मगभर पाण्यात किती येतात त्यावरून काढलेला अंदाज. तिसरी आणि चौथी मादी तोंड भरून फिरतायत. पहिलीही पुन्हा सुजली आहे, म्हणजे दोन महिनेही झाले नाहीत तोवर दुसरा डाव.

डोक्यात प्रकाश आज पडला. मी सहा महिने मासे जगवायच्या मागे होतो: पाणी, थंडी, ढोकरी, पेंड. या माशाला जगवायला फार काही लागतच नाही. जागा भरली, गर्दी झाली की तो मोठा व्हायचं थांबतो आणि बोटभर लांबीवरच पोरं काढायला लागतो. टाकलेली पेंड नवी पिलं काढण्यात आणि ती वाढवण्यात जातेय. खाणं वाढवलं म्हणजे गर्दीच वाढवली.

पालिकेचा डासांच्या अळ्या तपासणारा माणूस येऊन गेला. हौदात बॅटरी मारून खूश. एक अळी नाही.

१४ मे

काल दुपारी धुळीचं वादळ आलं, घाटकोपरला होर्डिंग कोसळलं तेच. आमच्याकडे पत्र्यांवर तडतड, शेडनेट चौकटीसकट शेजाऱ्यांच्या जांभळावर. हौदात लाल धुळीचा थर. वीज गेली ती रात्री उशिरापर्यंत. पंप बंद.

पाणी हिरवं झालेलं होतं. दिवसा ते हिरवं शेवाळ हवा सोडतं, रात्री तेच हवा ओढून घेतं, आणि पहाटेला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. चारशे पिलं आणि वीसेक मोठे मासे त्याच पाण्यात. साडेचारला जाग आली तेव्हा हौदावर पाऊस पडत असल्यासारखा आवाज येत होता. सगळे मासे वर येऊन पाण्याची वरची साय ओढत होते. दोन बादल्या घेतल्या आणि एकीतून दुसरीत उंचावरून पाणी ओतत राहिलो, उजाडेपर्यंत. खांदे गेले.

मेलेले: सत्तरेक पिलं आणि सहा मोठे. मोठ्यांपैकी दोन सगळ्यात वजनदार नर.

बॅटरीवाला पंप, लोहार चाळीतून, १,४५० रुपये. साधा ४५० चा घेतला तेव्हाच हा घ्यायला हवा होता. एवढी एक गोष्ट कुणी ऐकली तरी पुरे.

१९ मे

जास्तीच्या पिलांचं काय करायचं? शेजारचे काका म्हणाले, “पवईत सोड ना, तेवढंच पुण्य.” नाही. ही चिलापी १९५२ साली भारतात मुद्दाम आणली गेली, आणि १९५९ मध्ये तिच्या प्रसारावर बंदी घालायची वेळ आली, कारण ती जिथे गेली तिथल्या तळ्यांत हेच झालं जे माझ्या हौदात झालं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत तिचं नाव आहे. पवईत ती आधीपासून आहे म्हणून आपण भर घालावी असं थोडंच?

काकांना एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, “मावशीला देतो, तिला लागतात.” ते खरंही होतं. मावशीने दोन डबे गळाला लावायला नेले. थोडी आमच्याच घरी मांदेलीसारखी तळली, डोकं काढून, तांदळाच्या पिठात घोळवून. कुरकुरीत झाली पण मातीचा वास. आईने एक खाल्ली आणि ताट सरकवलं. वासाचा इलाज मावशीनेच सांगितला: खायच्या आधी तीन दिवस ड्रममधल्या स्वच्छ पाण्यात, उपाशी. तसं केल्यावर वास बराच गेला.

२ जून

आज नर-मादी निवड. धंदेवाले लोक सगळे नर असलेलं बीज आणतात, आणि गिफ्ट जातीची सुधारित तिलापिया पाळायला सरकारी परवाना लागतो. आमच्यासारख्याला उरतो हाताने निवडायचा रस्ता.

मासा उलटा धरायचा. गुदद्वाराच्या मागे एक छोटा उंचवटा असतो. नराच्या उंचवट्याला टोकाशी एकच छिद्र. मादीच्या उंचवट्यावर टोकाच्या छिद्राशिवाय मध्ये एक आडवी चीर, अंडी बाहेर येतात ती. वाचायला सोपं आहे. ओल्या, झटके देणाऱ्या सत्तर ग्रॅमच्या माशावर ती चीर शोधायला पहिल्या वेळी दहा मिनिटं लागली, तोवर मासा अर्धमेला. कापसाच्या बोळ्याने मिथिलीन ब्लू लावलं की चीर निळी रेघ होऊन दिसते. बोटंही आठवडाभर निळी राहतात, ऑफिसात मतदानाला कितीदा गेलास म्हणून विचारलं.

पाठीचे काटे तळहातात घुसतात. डाव्या हाताचा अंगठा दोन दिवस सुजला. ओला पंचा वापरा, हातमोजा नको, हातमोज्यात पकड राहत नाही.

चार तास लागले. जुन्यांतले नऊ नर आणि पिलांतले बऱ्यापैकी वाढलेले पंधरा नर, असे चोवीस ठेवले. बोटाच्या पेराएवढ्या पिलांचं काही ओळखता येत नाही, ती सगळी बाहेर. माद्या मावशीकडे.

६ जून

कालपासून दहा टक्के पाणीकपात. तीस मेपासून पाच टक्के होतीच. माशांसाठी ड्रम भरायचा म्हटलं तर घरात कुणाच्या तोंडाकडे बघायची सोय नाही. पेंड दिवसाआड केली. चोवीसच मासे असल्यामुळे पाणी टिकलं. चारशे असते तर या आठवड्यात सगळं संपलं असतं.

२९ जून

घमेल्याजवळ धुकं. पिलं!

चोवीसातल्या दोन माद्या निघाल्या. काळपट रंगाला भुललो होतो, दबलेल्या नरांचा रंग फिका असतो आणि काही माद्या गडद असतात. रंगावर जाऊ नका, चीर बघा. दोघींना काढलं. बावीस उरले. पिलं काढायची गरज पडली नाही, माद्या गेल्यावर नरांनी दोन दिवसांत साफ केली.

८ जुलै

रात्री एकपासून सकाळी सातपर्यंत मुंबईत काही ठिकाणी तीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला म्हणतात. आमच्याकडे मोजायला काही नाही, पण पत्र्यांची पन्हाळ थेट हौदात पडते हे आज लक्षात आलं. आठ महिने त्या पन्हाळीखाली उभा राहून मासे बघितले आणि लक्षात आलं नाही.

पाचला उठलो तेव्हा अंगणात घोट्याभर पाणी, हौद काठोकाठ वाहतोय. तुळशीपाशी एक मासा आडवा पडून फटफटत होता. तो पकडला. दुसरा मोरीच्या तोंडाशी सापडला. बाकीचे मोजले तर चार कमी.

अंगणाचं पाणी गल्लीच्या गटारात, गटार नाल्यात, नाला खाजणातून ठाणे खाडीत. म्हणजे चौघे नोव्हेंबरमध्ये बादलीतून जिथून आले, तिथेच गेले असणार. काकांना पवईत सोडू नका म्हणून सांगणारा मी. ठाणे खाडी २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, रोहित (फ्लेमिंगो) बघायला लोक भांडुपच्या पंपिंग स्टेशनला गाड्या करून येतात, आणि आपण तिथे आपल्या परसातले परदेशी मासे पाठवून दिले. तिथे चिलापी आधीच भरपूर आहे, ही पळवाट काकांचीच होती.

काठापासून सहा इंच खाली दोन इंची पाइप बसवली, आतल्या तोंडाला बारीक जाळी दुहेरी. पन्हाळ वळवली. ४८० रुपये. ही पाइप गिलाव्याच्या दिवशी शंभरात झाली असती.

५ ऑगस्ट

श्रावण लागला. घरात मासळी बंद. हौदातले अठरा जण हे जाणून असल्यासारखे खातायत. गर्दी नाही, पिलं नाहीत, पाणी ऊबदार, पावसाने हवाही भरपूर. काट्यावर चार मोजले: ११०, १२५, १२०, १४०. दोन महिन्यांत जेवढी वाढ झाली तेवढी आधीच्या पाच महिन्यांत नव्हती, आणि पेंड जवळजवळ निम्मी.

घमेली अजून आत आहेत. माद्या नसतानाही नर वाट्या खणतात, भांडतात, रेती थुंकतात. काढून टाकायला हवीत, खणण्यात त्यांची ताकद जाते. धाकटी काढू देत नाही.

२२ सप्टेंबर

गणपती गेले, आई म्हणाली आता आण तुझे ते. सात मासे काढून तीन दिवस ड्रममध्ये उपाशी ठेवले होते. आज वजन केलं: सगळ्यात मोठा २१०, सगळ्यात लहान १३५. सातांचे मिळून सव्वा किलोच्या आसपास. पाव किलोचा एकही नाही. आजवरचा खर्च, वर्षाची १,९०० रुपयांची पेंड धरून, ८,९१०. बाजारात याच पैशांत वर्षभर चिलापी आली असती, साफ करून.

आई ओट्यावर विळी घेऊन बसली, मी शेजारी राख घेऊन. चार झाले. पाचवा १६० ग्रॅमचा, काळा, जूनमध्ये मी स्वतः निळं बोट लावून ‘नर’ म्हणून पास केलेला. तिने पोट उघडलं आणि हात थांबवला.

“हा नर ना रे?”

पिवळीधमक अंड्यांची गाबोळी, दोन बोटं लांब, भरगच्च.

जुलैपासून हौदात पिलू दिसलं नव्हतं म्हणून मी निश्चिंत होतो. पिलं झाली असणार, सतरा नरांच्या गराड्यात टिकली नसणार. गाबोळी आईने हळद-मीठ लावून वेगळी तळली आणि धाकटीच्या पानात वाढली. हौदात अकरा आहेत. उद्या सकाळी पंचा आणि मिथिलीन ब्लू घेऊन पुन्हा सगळे उलटे करून बघायचे आहेत.